झेंडूची पाकळी आणि अँडीजचे काटेरी झुडूप

दसऱ्याची तोरणे ओवून झाली की उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या रांगोळीसाठी सुट्या केल्या जातात. अशी एखादी पाकळी मुळापासून हलकेच ओढून काढली, तर तिच्या बुडाशी एक बारीक, काळपट काडी चिकटून येते. काडीच्या टोकाला खवल्यांसारखे काहीतरी असते आणि पाकळीच्या नळीतून एक दुभंगलेला पिवळा धागा बाहेर डोकावत असतो. काडी म्हणजे अंडाशय, खवले म्हणजे बदललेली निदले आणि धागा म्हणजे कुक्षीवृंत. आपण जिला पाकळी म्हणतो ते एक पूर्ण स्त्रीपुष्प आहे. झेंडूचा एक गोंडा म्हणजे अशा शेकडो फुलांचा समुदाय. वनस्पतिशास्त्रात या समुदायाला स्तबक म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक इवल्या फुलाला पुष्पक.

ज्या कुलात स्तबक हेच फूल म्हणून मिरवते, ते ॲस्टरेसी, म्हणजे आपले सूर्यफूल कुल. त्याच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आणि सोळाशेहून अधिक प्रजाती आज ज्ञात आहेत. (प्रजाती हा शब्द मी एकमेकींच्या निकट असलेल्या जातींचा गट या अर्थाने वापरतो आहे.) पृथ्वीवरच्या सपुष्प वनस्पतींपैकी साधारण दर दहावी जात या एका कुलातली आहे. अंटार्क्टिका वगळता प्रत्येक खंडात हे कुल पोहोचले आहे. आपल्याकडे शेवंती, झेंडू, जरबेरा, करडई, खुरासणी, माका, दवणा, गोरखमुंडी, सोनकी आणि गाजर गवत ही सारी याच कुलातली. माझा आग्रह एवढाच आहे, की हे कुल रंगावरून आणि पाकळ्यांच्या देखणेपणावरून ओळखायला जाऊ नये, कारण नेमक्या त्याच गोष्टी इथे सर्वांत जास्त फसव्या आहेत. त्याचा इतिहास आणि त्यातली नाती कळतात ती पुष्पकाच्या आत शिरल्यावर.

आत शिरण्यासाठी एकदांडीइतकी सोयीची वनस्पती नाही. तिला काही ठिकाणी दगडीपाला किंवा कंबरमोडी म्हणतात. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, गच्चीच्या भेगेतसुद्धा ती उगवते आणि जवळजवळ वर्षभर फुलते. लांब, केसाळ दांड्यावर एकच स्तबक असते. त्याच्या खालच्या बाजूला हिरव्या छदांची, म्हणजे फुलोऱ्याखालच्या पानांसारख्या भागांची, वर्तुळे असतात, ज्यांना आपण चुकून निदले समजतो. स्तबकाच्या कडेला चार-पाच मलईच्या रंगाच्या, टोकाशी तीन दात असलेल्या पाकळ्या दिसतात. ही किरणपुष्पके. मधल्या पिवळ्या चकतीत पाच दातांची नळीसारखी बिंबपुष्पके दाटीने बसलेली असतात. ती सगळी एकाच दिवशी उमलत नाहीत. कडेची आधी आणि मधली नंतर अशी वर्तुळावर्तुळाने ती उघडत जातात, त्यामुळे एक स्तबक काही दिवस कीटकांच्या उपयोगी पडत राहते. फळे पिकली की छदे मागे वळतात आणि पिसासारख्या तंतूंचा झुपका घेतलेली काळी फळे वाऱ्यावर निघून जातात. एका स्तबकात या कुलाचे जवळजवळ सगळे नियम वाचायला मिळतात: अंडाशय खालच्या बाजूला, त्यात एकच बीजांड, निदलांच्या जागी तंतू किंवा खवले, आणि पाचही परागकोश एकमेकांना कडेने चिकटून बनलेली नळी.

या परागकोशांच्या नळीपाशी थोडे थांबायला हवे. परागकोश नळीच्या आतल्या बाजूला फुटतात, म्हणजे पराग आतच सांडतात. त्या वेळी कुक्षीवृंत नळीच्या तळाशी असतो आणि त्याच्या दोन्ही शाखा मिटलेल्या असतात. मग तो वाढू लागतो आणि पिचकारीच्या दट्ट्यासारखा सगळे पराग पुढे ढकलत नळीच्या तोंडाशी आणून ठेवतो. त्याच्या टोकावर किंवा बाहेरच्या अंगाला जे बारीक केस असतात, ते पराग झाडून काढण्याचे काम करतात. कीटक येऊन पराग घेऊन गेल्यावरच त्या दोन शाखा उघडतात आणि त्यांच्या आतल्या कडांवरची कुक्षी दुसऱ्या फुलाचे पराग स्वीकारू लागते. प्रत्येक पुष्पक आधी नर आणि मग मादी असे वागते. काही जातींत, कोणीच कीटक आला नाही तर शाखा आणखी मागे वळून स्वतःच्याच केसांवर उरलेल्या परागांना टेकतात आणि बी धरण्याची सोय होते. दोन-चार मिलिमीटरच्या जागेत घडणारी ही क्रिया साध्या भिंगाने दिसते. ती पाहण्याजोगी आहेच, पण वर्गीकरणाच्या दृष्टीनेही तिचे मोल मोठे आहे, कारण पराग ढकलण्याच्या या कामासाठी कुलाच्या वेगवेगळ्या वंशशाखांनी कुक्षीवृंताची टोके वेगवेगळी घडवली आणि ती ठेवण कोट्यवधी वर्षे टिकवून धरली.

हे सर्वप्रथम ओळखले ते आंरी कॅसिनी या फ्रेंच माणसाने. १७८१ मध्ये पॅरिसमध्ये जन्मलेला हा माणूस शनीच्या कड्यांमधली फट शोधणाऱ्या ज्योतिर्विद कॅसिनीच्या घराण्यातला, पाचव्या पिढीतला. घराण्याची विद्या खगोलशास्त्राची आणि त्याचा स्वतःचा व्यवसाय न्यायाधीशाचा, पण मन रमले ते या एका कुलात. त्याच्या आधी लिनियसने परागकोश चिकटलेल्या वनस्पतींचा एक वर्ग केला होता, परंतु त्याच्या आतली विभागणी पुष्पकांपैकी कोणती नर, कोणती मादी, कोणती वांझ एवढ्यावरच उभी होती. कॅसिनीने १८१२ पासून कुक्षीवृंत, पुंकेसर, दलपुंज आणि अंडाशय यांचे एकेक करून बारकाईने परीक्षण केले आणि त्याआधारे या कुलाच्या वीसच्या आसपास जमाती ठरवल्या. जमात म्हणजे कुल आणि प्रजाती यांच्या मधला टप्पा. १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत तो पॅरिसमध्येच वारला. त्याने आखलेल्या जमातींपैकी बऱ्याचशा आज दोनशे वर्षांनंतर, डीएनएच्या कसोटीवर घासून पाहिल्यावरही थोड्याफार फरकाने उभ्या आहेत. वनस्पतिशास्त्रात इतक्या दीर्घकाळ टिकलेली निरीक्षणे फार नाहीत, आणि त्यामुळे कॅसिनीविषयी मला विलक्षण आदर वाटतो.

कॅसिनीने पाहिले ते आपल्याकडच्या वनस्पतींत पाहता येते. पावसाळा सरता सरता सह्याद्रीच्या कड्यांवर आणि किल्ल्यांच्या तटांवर पिवळीधमक फुलणारी सोनकी घ्या. तिच्या बिंबपुष्पकाच्या कुक्षीवृंताच्या दोन्ही शाखा टोकाला कापल्यासारख्या सपाट असतात आणि त्या सपाट टोकावर केसांचा बारीक कुंचला असतो. पायवाटेवरची जांभळी सहदेवी घेतली तर शाखा लांब, निमुळत्या आणि टोकदार दिसतात, आणि केस शाखांच्या खालपर्यंत, कुक्षीवृंताच्या दांड्यावरही उतरलेले असतात. करडईच्या पुष्पकात शाखा जिथे फुटतात त्याच्या खाली केसांचे एक कडे असते. ओसाडी आणि रानमोडी या दोघींची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या स्तबकाला जो धुरकट, मऊ झुपकेदारपणा असतो तो पाकळ्यांमुळे नसतोच. फुलाबाहेर दूरवर आलेल्या, टोकाशी जाडसर झालेल्या कुक्षीवृंताच्या शाखांमुळे तो येतो. म्हणजे ही फुले आपल्याला दिसतात तीच मुळी कुक्षीवृंतांमुळे.

मराठीत रानफुलांवरची अनेक पुस्तके रंगानुसार मांडलेली असतात: पिवळी फुले, पांढरी फुले, जांभळी फुले. नवख्या वाचकाला त्यामुळे पटकन नाव सापडते, हे खरेच. पण या कुलापुरते बोलायचे तर त्या मांडणीने फार हानी होते, असे माझे स्पष्ट मत आहे. सोनकी पिवळी आणि माळरानावरची पाथरीही पिवळी, म्हणून त्या शेजारी येतात. पण पाथरी मोडली की पांढरा चीक येतो, तिच्या स्तबकात बिंबपुष्पके नसतातच, आणि प्रत्येक पुष्पक टोकाला पाच दात असलेली एक पट्टी असते. किरणपुष्पकाला तीन दात आणि या पट्टीला पाच, एवढ्या एका मोजणीवरून ती सोनकीपासून किती दूरची आहे ते कळते. पाथरीची खरी नाती लेट्यूस आणि चिकोरीशी आहेत. उलट ओलसर जागी हिवाळ्यात फुलणारा जांभळा, सुगंधी गंगोत्रा आणि बागेतले ॲस्टर एकाच जमातीतले, पण त्यांच्या स्तबकांत वरवर पाहता कसलेही साम्य दिसत नाही. जमात हा टप्पा वाचकाला एकदा कळला, की पुस्तकात नसलेली वनस्पतीही पुरती अनोळखी राहत नाही. रंगाच्या मांडणीत ही सोय कधीच मिळत नाही.

कॅसिनीनंतरचे मोठे नाव जॉर्ज बेंथॅम यांचे. त्यांनी १८७३ मध्ये साऱ्या जगातल्या प्रजातींचा आढावा घेऊन हे कुल तेरा जमातींत मांडले. भारताच्या दृष्टीने ही मांडणी महत्त्वाची ठरली, कारण बेंथॅम आणि हूकर यांच्या पद्धतीवरच आपल्याकडचे जुने वनस्पतिकोश रचले गेले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रसिद्ध केला, त्यातही तीच पद्धत आहे, आणि महाराष्ट्रातले वनस्पतिअभ्यासक आजही तो ग्रंथ उघडतात.

बेंथॅम यांनी जमाती ठरवल्या त्या बऱ्याच अंशी टिकल्या. मात्र त्या जमातींचा वंशक्रम लावण्याचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आणि त्यांच्यानंतर १९५५ मध्ये आर्थर क्रॉन्क्विस्ट यांनी सूर्यफुलाच्या जमातीला मूळ स्वरूपाच्या सर्वांत जवळचे मानले. त्यामागे तर्क होता. समोरासमोर पाने, भरपूर छदे, पिवळी किरणपुष्पके आणि प्रत्येक बिंबपुष्पकाशेजारी एक छोटे छद, हे सगळे एखाद्या साध्या फुलोऱ्याचा उरलेला अवशेष वाटावा असेच आहे. अशा फुलोऱ्यापासून स्तबक आखडत गेले आणि बाकीच्या जमातींत हे अवशेष नाहीसे झाले, असा तो विचार. रचना पाहून यापेक्षा वाजवी अनुमान त्या काळी करता आले असते असे मला वाटत नाही.

ते अनुमान उलटे झाले १९८७ मध्ये. रॉबर्ट जॅनसेन आणि जेफ्री पामर हे दोघे या कुलातल्या वनस्पतींच्या हरितलवकातला डीएनए तपासत होते. हरितलवकाला स्वतःचा एक वर्तुळाकार डीएनए असतो आणि त्यातल्या जनुकांचा क्रम सहसा बदलत नाही. त्यांना असे आढळले, की लेट्यूसच्या हरितलवकातला सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक तुकडा, इतर कुलांच्या तुलनेत, उलटा बसलेला आहे. मग त्यांनी सगळ्या जमातींतल्या कितीतरी प्रजाती तपासल्या. सूर्यफूल, शेवंती, करडई, सगळीकडे तुकडा उलटा होता. अपवाद फक्त दक्षिण अमेरिकेतल्या बार्नाडेसिया आणि तिच्या निकटच्या मोजक्या प्रजातींचा. त्यांच्यात तो तुकडा इतर कुलांप्रमाणेच सरळ होता. एवढा मोठा तुकडा उलटण्याची घटना इतकी विरळा असते, की ती एकदाच घडली असे मानणे भाग पडते. म्हणजे ती घडण्यापूर्वीच बार्नाडेसियाची शाखा वेगळी निघाली होती आणि उरलेले सगळे कुल त्या घटनेनंतरच्या एका पूर्वजापासून आले. तोवर बार्नाडेसिया दुसऱ्या एका जमातीत उपगट म्हणून पडून होती. १९९२ मध्ये तिला स्वतंत्र उपकुलाचा दर्जा मिळाला.

हे उपकुल नव्वदच्या आसपास जातींचे, सगळे दक्षिण अमेरिकेतले, बरेचसे अँडीज पर्वताच्या आधाराने राहणारे. त्यांत काटेरी झुडपे पुष्कळ आहेत. इक्वेडोरच्या उंच, थंड माळांवर वाढणारी चुकिरागा त्यांपैकीच एक: कडक, टोकदार पाने आणि नारिंगी छदांनी वेढलेली स्तबके. त्या उंचीवर राहणारे गुंजनपक्षी तिच्या मधावर जगतात. झेंडू-शेवंती पाहिलेल्या माणसाला ती या कुलातली आहे हे पहिल्या नजरेत सांगूनही पटणार नाही. तरीसुद्धा तिच्या पुष्पकात चिकटलेल्या परागकोशांची तीच नळी आहे, आणि त्यातून वर येणारा तोच कुक्षीवृंत.

काळाचा हिशेब पराग आणि खडक यांतून लागतो. २०१० मध्ये अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या वायव्य भागातून सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचे एक जीवाश्म प्रसिद्ध झाले, ज्यात छदांसह संपूर्ण स्तबकाचा ठसा उमटला होता. त्यानंतर २०१५ मध्ये अंटार्क्टिकातल्या क्रिटेशियस काळाच्या शेवटच्या खडकांत, म्हणजे साडेसात ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत, या कुलाचे म्हणून पराग ओळखले गेले. ती ओळख सगळ्यांना मान्य नाही. तथापि २०१९ मध्ये शेकडो जनुकांच्या आधारे मांडलेल्या वंशवृक्षाने कुलाचा उगम सुमारे ८.३ कोटी वर्षांपूर्वी, दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण भागात ठेवला, आणि त्याच्याशी हे पराग जुळतात. सर्वांत जवळचे भावंडकुल कॅलिसेरेसी हेही दक्षिण अमेरिकेतलेच, साठएक जातींचे, आणि त्याचीही फुले दाट गुच्छात येतात.

या काळाचा सह्याद्रीशी संबंध मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या कड्यांचा काळा बेसॉल्ट ज्या लाव्हापासून बनला, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहत होता. भारतीय भूखंड तेव्हा समुद्रातून उत्तरेकडे सरकत होता. त्या वेळी सूर्यफूल कुलाचे पूर्वज पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडे, दुसऱ्याच भूभागावर होते. सोनकी ज्या खडकावर उगवते तो खडक घट्ट झाला तेव्हा तिच्या जमातीचा जन्मही झालेला नव्हता. हे कुल दक्षिण अमेरिकेतून बाहेर पडले, आफ्रिकेत पोहोचले आणि तिथे, मध्य इओसीन काळात, म्हणजे चार-पाच कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यात, झपाट्याने फुटत गेले. सहदेवीची, करडईची, पाथरीची, सोनकीची शाखा या त्या फुटण्यातून आलेल्या. भारतात कुल आले ते त्यानंतर, वेगवेगळ्या शाखांनी, वेगवेगळ्या वाटांनी. पश्चिम घाटात लॅम्प्राकीनियमसारखी एकच जात असलेली प्रजातीही तयार झाली, जी घाटाबाहेर मिळत नाही.

आणि सूर्यफूल? ज्याच्या नावाने आपण कुल ओळखतो ते या वृक्षाच्या अगदी शेंड्याकडचे आहे. सूर्यफुलाची जमात आणि तिच्या निकटच्या जमाती मिळून जो मोठा समूह होतो, तो उत्तर अमेरिकेत आणि मुख्यतः मेक्सिकोच्या परिसरात बहरला. झेंडू, झिनिया, डेलिया, कॉसमॉस, गेलार्डिया, एकदांडी, गाजर गवत, ओसाडी, रानमोडी हे सगळे त्याच समूहातले. आपल्या बागा आणि आपली पडीक जमीन, दोन्हींवर आज या एकाच तरुण शाखेचा पगडा आहे. ज्या अवशेषांना बेंथॅम यांनी आदिम मानले, ते बिंबपुष्पकाशेजारचे छद या समूहात नव्याने परत आलेले आहे.

रचना परत येण्याची, किंवा वेगवेगळ्या शाखांनी एकच रचना स्वतंत्रपणे गाठण्याची उदाहरणे या कुलात पावलोपावली मिळतात. भात कापलेल्या शेतात गोरखमुंडीचे जांभळे गोळे दिसतात आणि कोरड्या माळावर उंटकटाऱ्याचे काटेरी गोळे. दोन्ही गोळे वाटोळे, दोन्ही एका दांड्याच्या टोकावर. उंटकटाऱ्याचा गोळा सावकाश उकलला तर प्रत्येक पुष्पकाभोवती स्वतःच्या छदांचे वर्तुळ सापडते. म्हणजे तिथे स्तबक आखडत आखडत एका पुष्पकाचे झाले, आणि मग अशी अनेक स्तबके एकत्र येऊन त्यांचे पुन्हा एक मोठे स्तबक बनले. गोरखमुंडीतही गोळा अनेक स्तबकांचाच, पण तिच्या प्रत्येक छोट्या स्तबकात अनेक पुष्पके असतात. उंटकटारा करडईच्या जमातीत आणि गोरखमुंडी भामुर्ड्याच्या जमातीत, त्यामुळे एकीने दुसरीकडून काही घेतले असण्याचा प्रश्नच नाही. फुलांचा फुलोरा, फुलोऱ्याचे फूल, आणि अशा फुलांचा पुन्हा फुलोरा, ही चढण या कुलाने एकाहून अधिक वेळा चढली.

किरणपुष्पकांबाबतही तसेच. पुष्पक कडेला असले की त्याची एक बाजू लांबून पाकळी व्हावी हे ठरवण्यात सायक्लोइडिया नावाच्या जनुकांचा मोठा वाटा असतो. सूर्यफुलाच्या दुहेरी प्रकारात यांपैकी एक जनुक कडेपुरते न राहता सगळ्या स्तबकात कार्यरत होते आणि मधल्या पुष्पकांनाही पाकळ्या फुटतात. हेच जनुक मोडले की कडेची पुष्पकेही नळीसारखी राहतात. आपला भरगच्च झेंडू किंवा टपोरी शेवंती ही माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली अशाच बदलांची फळे आहेत. शेतकरी फुलांचे वाण निवडतो तेव्हा पुष्पकांच्या या ओळखीतच तो निवड करत असतो.

गाजर गवत मात्र पाकळ्यांवर काहीच खर्च करत नाही. १९५५ मध्ये पुण्यात त्याची पहिल्यांदा ठळक नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याचे स्तबक जेमतेम चार-पाच मिलिमीटरचे. भिंगाखाली धरले तर कडेला बरोबर पाच किरणपुष्पके दिसतात, दिसेल न दिसेल एवढ्या पाकळीची. बी धरतात ती फक्त ही पाच. मधली सगळी पुष्पके केवळ पराग देतात. म्हणजे एका स्तबकातून पाचच फळे, पण एका झाडावर स्तबके इतकी येतात की एका झाडाचे बी हजारोंनी मोजावे लागते. ते आपल्याकडचे सर्वांत त्रासदायक तण आहे, त्याच्यामुळे त्वचेचे आणि श्वासाचे विकार होतात, हे सगळे लक्षात ठेवूनही मी म्हणेन की स्तबकातली श्रमविभागणी शिकायला एवढे चांगले उदाहरण नाही. हातमोजे घालून ते अवश्य पाहावे.

वंशवृक्ष बदलला की नावे बदलतात, आणि त्यावरून अभ्यासकांची कुरकुर नेहमी ऐकू येते. सहदेवी पूर्वी व्हर्नोनिया होती, आता सायॲन्थिलियम आहे, कारण व्हर्नोनिया या नावाखाली जगभरच्या हजारभर जाती कोंबलेल्या होत्या आणि त्या एका पूर्वजाच्या नव्हत्या. मला हा बदल योग्यच वाटतो; नावाने खोटे नाते सांगू नये. शेवंतीच्या बाबतीत मात्र उलटा न्याय झाला, आणि तोही मला पटतो. क्रिसॅन्थेमम ही प्रजाती फोडली गेली तेव्हा नियमाप्रमाणे ते नाव भूमध्य सागराकडच्या एका वार्षिक फुलझाडाकडे गेले आणि बागेतली शेवंती डेंड्रॅन्थेमा झाली. जगभरचे फुलउत्पादक ज्या नावाने व्यापार करत होते तेच नाव त्यांच्या फुलाला उरले नाही. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय नामकरण परिषदेपर्यंत प्रकरण गेले आणि क्रिसॅन्थेमम हे नाव शेवंतीलाच राखून ठेवण्यात आले. जमातींचा आकडाही असाच हलता राहिला आहे. स्मिथसोनियनच्या व्हिकी फंक आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात बारा उपकुले आणि त्रेचाळीस जमाती होत्या. २०२० च्या मांडणीत उपकुले सोळा आणि जमाती पन्नास झाल्या.

महाराष्ट्रातल्या तेलबियांत या कुलाच्या तीन शाखा एकत्र भेटतात, आणि त्यांच्या वाटा पाहिल्या की वर्गीकरण कागदावरचे राहत नाही. करडई पश्चिम आशियातली, काटेरी जमातीची. तिच्या काट्यांमुळे काढणी अवघड जाते म्हणून फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचे वाण तयार केले, आणि तिची कोवळी पाने भाजीला चालतात. सूर्यफूल उत्तर अमेरिकेत लागवडीखाली आले, तेलासाठी रशियात सुधारले आणि तेलबिया म्हणून भारतात १९६९ च्या सुमारास पोहोचले. तिसरी खुरासणी, जिच्या कारळ्याची चटणी आपण करतो. तिची लागवड प्रथम इथिओपियाच्या पठारावर झाली आणि तिची सगळी रानटी भावंडेही आफ्रिकेतच आहेत, त्यामुळे ती आफ्रिकी वंशाची वाटते. पण तिची जमात बहुतांशी अमेरिकी आहे, सूर्यफुलाच्याच समूहातली. तिचे पूर्वज माणूस येण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेतून आफ्रिकेत गेलेले असले पाहिजेत. नाशिककडच्या डोंगरउतारावर खुरासणी पिवळी फुलते तेव्हा बांधावर एकदांडीही असतेच, आणि ती दोन्ही एकाच जमातीतली आहेत: एकदांडी अलीकडच्या काळात अमेरिकेतून निघालेली, खुरासणी आफ्रिकेचा मुक्काम करून आलेली. दोघींची फुले घेऊन भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली, तर किरणपुष्पकाच्या टोकाचे तीन दात दोन्हींत मोजता येतात. फरक पाहायचा असेल तर फळे पाहावीत: एकदांडीच्या फळावर पिसांचा झुपका असतो आणि खुरासणीचे फळ अगदी गुळगुळीत, बोडके असते.